दुपारची वीज उदंड, संध्याकाळची कुठून आणायची? (राष्ट्रीय ग्रिड आणि सौरऊर्जा)

फीडरमास्तर (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की देशातल्या वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा-वायूवर चालत नाही. सूर्य, वारा, पाणी आणि अणू मिळून २४२ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) झाले. हे आपण २०३० साठी कबूल केलं होतं, ते पाच वर्षं आधीच झालं. मला मनापासून आनंद झाला. पण सोसायटीच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "निम्मी वीज स्वच्छ झाली, तर मग कोळसा अजून एवढा का जाळतात?" याचं उत्तर तिथे चार ओळींत देता येईना, म्हणून इथे धागा काढतोय. माझी नोकरी अतिउच्च दाबाच्या उपकेंद्रांत गेली, त्यामुळे जे बोलेन ते तारांच्या बाजूने बोलेन.

आधी सरळ हिशेब. क्षमता निम्मी झाली, युनिटं नाहीत. वर्षभरात देशात तयार होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशातूनच येतात. सौर प्रकल्प रात्री शून्य, सकाळ-संध्याकाळ थोडा, ढग आले की निम्म्यावर. वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या साधारण पाव भाग हाती लागतो. कोळशाचा संच (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) चालवायचा म्हटला तर रात्रंदिवस चालतो. म्हणजे बातमी खरी आहे, पण तिचा अर्थ लोकांनी घेतला तो नाही.

आता ग्रिडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या देशभरच्या जाळ्याची गोष्ट. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि कच्छपासून अरुणाचलपर्यंत सगळे जनरेटर आज एकाच तालावर फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. ग्रिड कोडप्रमाणे ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राहायला हवी. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की ती घसरते, उलट झालं की चढते. आमच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीवर लाल आकड्यांचा डिस्प्ले असायचा. ४९.९८, ५०.०१, ४९.९६. नवीन मुलगा शिफ्टला आला की त्याला सांगायचो, बाकी पॅनल हळूहळू कळतील, तू आधी त्या आकड्याकडे बघायला शीक. देशाच्या दुसऱ्या टोकाला एखादा मोठा संच ट्रिप झाला (अचानक आपोआप बंद पडला) तर त्याची पहिली खबर फोनवर नाही, त्या आकड्यात यायची.

हे एकच ग्रिड फार जुनं नाही. पूर्वी देशात पाच वेगवेगळी ग्रिड होती. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य जोडली गेली, २००३ मध्ये त्यांना आपलं पश्चिम ग्रिड जोडलं, २००६ मध्ये उत्तर. दक्षिण तेवढी राहिली होती. ती ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री जोडली गेली, रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनीवरून. आपल्या सोलापुरातून देशाचं ग्रिड एक झालं, हे मराठी माणसांपैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

दोन चालू ग्रिड जोडणं म्हणजे नुसता खटका दाबणं नव्हे. पॅनलवर सिंक्रोस्कोप नावाचं गोल यंत्र असतं, त्याचा काटा दोन्ही बाजूंच्या तालातला फरक दाखवतो. फरक जास्त असेल तर काटा भराभर फिरतो. मग एका बाजूची निर्मिती कमीजास्त करून तो अगदी संथ करायचा, दोन्हीकडचा दाब जुळवायचा आणि काटा बाराच्या जागी येता येताच ब्रेकर घ्यायचा. चुकीच्या क्षणी घेतला तर दोन्ही बाजूंच्या यंत्रांना असा हिसका बसतो की शाफ्टला इजा होऊ शकते. हे एका संचासाठी करतानाही घसा कोरडा पडतो. त्या रात्री अख्खी दक्षिण एका बाजूला होती.

मला चर्चा हवी आहे ती याची: एवढं ग्रिड उभं असताना राजस्थानात दुपारी सौर प्रकल्पांना "निर्मिती कमी करा" असे आदेश का द्यावे लागतात, आणि संध्याकाळी सातला आपण पुन्हा कोळशाकडे का धावतो?

---

बारीचा_गडी

मास्तर, लेख आवडला. आम्ही वैजापूर तालुक्यातले. तुमच्या ग्रिडचं आम्हाला एवढंच कळायचं, की थ्री फेज कधी येणार. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जायचं. हिवाळ्यात गव्हाला पाणी देताना पाय बधिर होतात, खाली साप, वर बिबट्याची भीती. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी फिरवावं आणि तेवढ्यात लाइट जावी. मोटर पुन्हा चालू करायला अंधारात विहिरीपर्यंत जायचं.

आमच्या तालुक्यातच धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिला प्रकल्प सुरू झाला. तिथल्या पाहुण्यांना आता दिवसा पाणी देता येतं. फरक काय पडला विचारलं तर पाहुण्याची बायको म्हणाली, "रात्री झोप लागती." मला यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही.

एक शंका. आमच्या भावकीत काहींनी मागेल त्याला सौर कृषी पंप घेतलाय, दहा टक्के भरून. तो बरा की फीडर (उपकेंद्रातून गावाकडे येणारी लाईन) सौर झालेला बरा?

---

फीडरमास्तर

दादा, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला असं वाटलं.

जिथे लाईन पोचायलाच अवघड आहे, कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं, तिथे स्वतंत्र सौरपंप चांगला. पण जिथे फीडर आहे तिथे फीडर सौर करणं मला जास्त पटतं. स्वतंत्र पंपाच्या पॅनलची वीज तुमचं पाणी भरून झालं की वाया जाते. पावसाळ्यात आणि पीक काढल्यावर तर महिनोन्‌महिने. वाहिनी योजनेत मात्र ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प असतो. शेतीला नको तेव्हा तीच वीज गावाला, शहराला जाते, आणि ढग आले तर ग्रिड मदतीला असतं. पडीक जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, दरवर्षी तीन टक्के वाढ.

आणि ग्रिडच्या दृष्टीनेही ही फार मोठी गोष्ट आहे. राज्यात चाळीस लाखांहून जास्त कृषिपंप आहेत. त्यांचा भार रात्रीतून उचलून दुपारी आणला, म्हणजे जिथे ऊन आहे तिथे वापर नेला. एकही बॅटरी न घेता एवढी वीज "साठवल्यासारखी" झाली. मागे एकदा महाराष्ट्राने शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे केले होते, म्हणून आज हे करता येतंय. त्या वेळी खांब-तारा टाकत फिरलेल्या लाईनमन लोकांना कुणी त्याचं श्रेय दिलं नाही.

---

माळरान

दिवसा वीज मिळावी याला विरोध नाही, शेतकऱ्याच्या घरातलीच आहे. पण दिवसा आठ तास फुकटात किंवा जवळपास फुकटात मोटर चालणार असेल तर भूजलाचं काय? सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा इथे बोअर आधीच खोल गेलेत. वीज रात्रीची होती म्हणून थोडा तरी आळा होता.

---

बारीचा_गडी

ताई, रात्रीची वीज होती तेव्हा आम्ही मोटरला ऑटो स्विच लावून झोपायचो. लाइट आली की मोटर आपोआप चालू, पाणी सकाळपर्यंत बांधाच्या बाहेर. उलट दिवसा माणूस वाफ्यात उभा असतो, भरलं की बंद करतो. पण तुमचं एक खरं आहे. ठिबक पाहिजे आणि पिकाचं बघायला पाहिजे, नाहीतर उसाला किती दिलं तरी कमीच.

---

शंकासुर

मास्तर, सगळं ठीक. पण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले. त्या वेळी तिथे सौर निर्मिती भरपूर होती. पाच सेकंदांत १५ गिगावॅट गायब. आपण २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-कोळसा क्षमता करायला निघालो आहोत. कोळसा हा देशाचा कणा आहे, त्याला हात लावायच्या आधी दहादा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अणूऊर्जेबद्दल कुणी का बोलत नाही? तारापूर १९६९ पासून चालू आहे, रात्रीही चालतं.

---

फीडरमास्तर

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोळशाच्या किंवा पाण्याच्या केंद्रात शेकडो टनांचा रोटर मिनिटाला ३००० किंवा त्याहून कमी फेऱ्यांनी फिरत असतो. अचानक एखादा संच बंद पडला तर बाकीच्या रोटरांच्या फिरण्यातली ताकद पहिले काही सेकंद ती तूट भरून काढते. जात्याचा खुंटा सोडला तरी पाळू थोडा वेळ फिरत राहते, तसंच. तेवढ्या वेळात गव्हर्नर (संचाचा वेग सांभाळणारं यंत्र) वाफ वाढवतो आणि फ्रिक्वेन्सी सावरते. सौर पॅनलला असं फिरणारं वजन नाही. पॅनलची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर ग्रिडचा ताल बघतो आणि त्यामागे चालतो. ताल बिघडला तर बरेचसे इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटून जातात. ही खरी अडचण आहे आणि ती झाकून उपयोग नाही.

पण स्पेनमध्ये झालं ते वेगळं होतं. तिथे सुरुवात व्होल्टेज चढण्यापासून झाली. व्होल्टेज वाढत गेलं, ते दाबून धरायला जी पारंपरिक केंद्रं चालू हवी होती ती पुरेशी नव्हती, होती त्यातल्या काहींनी अपेक्षेइतकं काम केलं नाही. व्होल्टेज वाढलं म्हणून निर्मिती सुटली, ती सुटल्यावर ते आणखी वाढलं. सौर इन्व्हर्टर व्होल्टेज सांभाळू शकतात, पण तिथल्या नियमांत त्यांच्यावर ते काम सोपवलेलंच नव्हतं. परत उभं राहताना त्यांना फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आलेल्या तारा आणि जलविद्युत केंद्रं कामाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक पुरवठा सुरळीत झाला होता.

आणि आपला सगळ्यात मोठा अंधार सौरऊर्जा नाममात्र असताना झाला. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर ग्रिड कोसळलं, ३१ ला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. साठ कोटींहून जास्त लोक. बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीवर भार अति झाला होता, आजूबाजूच्या काही वाहिन्या देखभालीसाठी बंद होत्या, आणि राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. निर्मिती मुख्यतः कोळशाचीच होती. दोन्ही वेळा पश्चिम ग्रिड वेगळं होऊन वाचलं, म्हणून आपल्याला त्याची झळ बसली नाही.

अणूऊर्जेला माझा पाठिंबा आहे. पण देशात ती अजून नऊ हजार मेगावॅटच्या आत आहे आणि एक अणुभट्टी उभी राहायला दहा-दहा वर्षं जातात. सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो. म्हणूनच तर तारा मागे पडतात.

---

चाकरमानी_डोंबिवली

आपल्याला झळ बसली नाही म्हणता, पण १२ ऑक्टोबर २०२० विसरलात का? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं बंद. लोकल जागेवर उभ्या. करोनाचे दिवस, रुग्णालयांत ऑक्सिजनवरची माणसं. माझी आई तेव्हा घरी कॉन्सन्ट्रेटरवर होती. शेजारच्या काकांनी जिने चढून आठव्या मजल्यावर सिलिंडर पोचवला. मुंबईला "आयलंडिंग" आहे, ती कधी बंद पडत नाही, असं लहानपणापासून ऐकलं होतं. मग त्या दिवशी काय झालं?

---

फीडरमास्तर

आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा करतो.

मुंबईला लागणारी वीज मुंबईत पूर्ण तयार होत नाही. बाहेरून येणाऱ्या मोजक्या मोठ्या वाहिन्यांवर ती अवलंबून आहे, त्यात कळवा-पडघा हा मुख्य रस्ता. त्या दिवशी त्या भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या एकापाठोपाठ एक गेल्या. आयलंडिंग म्हणजे बाहेर काही बिघडलं की शहर स्वतःला तोडून घेतं आणि आतल्या निर्मितीवर आतला तेवढाच भार चालवतं. पण त्यासाठी तोडण्याच्या क्षणी आत पुरेशी निर्मिती चालू असावी लागते. बाहेरची वीज स्वस्त म्हणून आतले संच बंद किंवा कमी ठेवले की बेट उभं राहतं आणि लगेच बुडतं. स्वस्त वीज आणि सुरक्षित वीज यांत कुठे थांबायचं, हा निर्णय रोज घ्यावा लागतो.

त्यानंतर बरीच रखडलेली खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबई शहराच्या आत ४०० केव्ही येतच नव्हतं. खारफुटी, जागा, परवानग्या, यात किती वर्षं गेली ते बघा. लोकांना वाटतं वीज म्हणजे निर्मिती. माझ्या मते पुढची वीस वर्षं वीज म्हणजे वाहिनीची जागा.

---

माळरान

वाहिनीच्या जागेवरूनच बोलायचं होतं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक बघायला मी शाळेत असताना बाबांबरोबर जायचे. आता तिथे तो दिसणं जवळपास संपलं. देशात उरलेत ते मुख्यतः जैसलमेरच्या परिसरात, दीडशेच्या आसपास. पक्षी जड, उडताना चटकन वळता येत नाही, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तारेवर आदळतो. सौर आणि पवन प्रकल्पांच्या तारा नेमक्या त्याच माळावरून जातात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं, आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून समिती नेमली. स्वच्छ ऊर्जेसाठी एक जातच संपली तर तिला स्वच्छ म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुसरा काही मार्गच नाही का?

---

फीडरमास्तर

आहे, पण सगळ्या तारांना एकच उपाय नाही. ११ आणि ३३ केव्हीच्या तारा जमिनीखालून नेता येतात, खर्च वाढतो पण होतं. जिथे पक्ष्यांची घरटी आणि रोजची ये-जा आहे तिथे हे करायलाच हवं, यात मला शंका नाही. ७६५ केव्हीची एसी वाहिनी मात्र लांबवर जमिनीखालून नेता येत नाही. केबल स्वतःच एवढा चार्जिंग करंट खाते की ठरावीक लांबीनंतर तिच्यातून उपयोगी वीज जायला जागा राहत नाही. तिथे वाहिनीचा मार्ग वळवणं, सगळ्या वाहिन्या एकाच पट्ट्यातून नेणं आणि तारांवर फिरत्या चकत्यांची खूण लावणं, एवढंच हातात आहे. आणि हे सर्वेक्षणाच्या वेळी ठरवायला हवं, टॉवर उभे राहिल्यावर नाही.

राजस्थानचा माझा मूळ प्रश्न इथेच येतो. भडला, फतेहगढ, बिकानेर इथे प्रकल्प तयार झाले, त्यांची वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या मागे राहिल्या. काही जागेच्या वादात, काही या खटल्यामुळे, काही ट्रान्सफॉर्मर आणि इतर सामान वेळेत न मिळाल्यामुळे. परिणाम असा की दुपारी हजारो मेगावॅट पॅनल उन्हात तापत पडतात आणि वीज घेता येत नाही. मे २०२५ मध्ये अवकाळी पावसाने देशभर मागणीच खाली आली, तेव्हाही तेच झालं.

कच्छमधल्या खावड्याचं ३० गिगावॅटचं सौर-पवन ऊर्जा उद्यान तर आपल्या जवळचं आहे. तिथून नागपूरला येणाऱ्या ८०० केव्हीच्या एचव्हीडीसी (अतिउच्च दाबाची डीसी वीज नेणाऱ्या) वाहिनीची आखणी झाली आहे. चंद्रपूर-पडघा ही आपली ५०० केव्हीची एचव्हीडीसी नव्वदच्या दशकाअखेर झाली, विदर्भातली वीज साडेसातशे किलोमीटरवरून मुंबईजवळ आणायला. आता तसाच प्रवास गुजरातच्या उन्हाला करायचा आहे.

---

अ‍ॅडलेडकर

नमस्कार. बरीच वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे, मूळचा सांगलीचा. इथली हकीकत सांगतो, कारण शंकासुरांची भीती इथे प्रत्यक्षात घडून गेली आहे.

२८ सप्टेंबर २०१६ ला वादळात टॉवर पडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. वाऱ्याची केंद्रं ट्रिप झाली होती, त्यामुळे सगळा दोष पवनऊर्जेवर आला. चौकशीत कळलं की त्या पवनचक्क्यांच्या नियंत्रणात एक सेटिंग असं होतं की थोड्या वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके बसले की त्या सुटून जायच्या. ते सेटिंग बदललं. २०१७ मध्ये हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी बसली, त्या वेळी लिथियमची जगातली सर्वांत मोठी. नंतर चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले, म्हणजे इंधन न जाळता नुसते फिरणारे जड रोटर, मास्तरांनी सांगितलेल्या कामासाठीच. आता राज्यातली बहुतांश वीज वारा आणि सूर्याची आहे.

घरातला अनुभव वेगळाच आहे. इथे भर उन्हाच्या वेळी, दुपारी वीज सर्वांत स्वस्त. आम्ही कपडे, भांडी, गीझर सगळं टायमरवर दुपारी लावून कामाला जातो. छतावर पॅनल एवढी झाली आहेत की मागणी फार कमी असेल त्या दिवशी ती दूरून बंद करायची सोय नव्या सौर जोडण्यांना सक्तीची आहे.

---

उन्हाळी_वाळवण

मी नाशिकची. सूर्यघर योजनेतून छतावर तीन किलोवॅटचं सौर बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं. पुरवठादाराने सांगितलं होतं बिल शून्य येईल. पहिले दोन महिने नेट मीटरच (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) बसला नाही, त्यामुळे छतावर वीज तयार होऊनही पूर्ण बिल आलं, फेऱ्या मारून थकले. आता मात्र छान चाललंय. पण अ‍ॅडलेडकरांचं वाचून प्रश्न पडला, आपल्याकडेही दुपारी स्वस्त वीज असं काही आहे का?

---

फीडरमास्तर

आहे, ताई. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या युनिटांवर सवलत सुरू झाली आहे, ८० पैशांपासून पुढे. उद्योगांना वेळेप्रमाणे दर आधीपासूनच होते. बिलावर दिवसाची युनिटं वेगळी दाखवतात, ती बघा. टाकीची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, गिरणी, हे सगळं दुपारी हलवा. बॅटरीवरची दुचाकी असेल तर तीही.

संध्याकाळचं गणित एकदा मांडतो, म्हणजे हे का करायचं ते कळेल. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, तोवरचा उच्चांक. ती दुपारी होती आणि सौर वीज हाताशी होती, म्हणून निभावलं. आता भर दुपारी सौर निर्मिती ६० गिगावॅटच्या पुढे असते. पाच वाजल्यापासून ती उतरते आणि सातपर्यंत शून्य होते. त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही, आणि आता एसी सुरू होतात. म्हणजे दोन-अडीच तासांत एवढी निर्मिती दुसरीकडून चढवायची. कोळशाचा संच दुपारी पूर्ण बंद करता येत नाही, कारण थंड झालेला संच परत यायला बरेच तास लागतात. म्हणून त्याला दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून धुमसत ठेवायचा आणि संध्याकाळी वर न्यायचा. शंकासुरांच्या कण्याची खरी परीक्षा ती आहे. कारण हे संच एका भारावर संथ चालण्यासाठी बांधले होते.

सगळ्यात चपळ आहे ते पाणी. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचे ठरलं, तेव्हा मागणी १२-१३ हजार मेगावॅटने पडेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे ३१ हजारांनी पडली आणि लगेच परत चढली. देशभरातल्या जलविद्युत संचांनी मिनिटांत निर्मिती खाली आणली आणि मिनिटांत वर नेली. ग्रिड हललं नाही. त्या रात्री कोयनेसारख्या केंद्रांत वाल्वजवळ बसलेली माणसं मला अजून आठवतात, नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

पण कोयनेचं १९६० मेगावॅटचं पाणी मोजून मिळतं, पश्चिमेकडे वळवायला लवादाची मर्यादा आहे. म्हणून तेच पाणी खालीवर करणारी उदंचन केंद्रं हवीत. घाटघरला २५० मेगावॅटचं आहे, वरचं धरण घाटमाथ्यावर, खालचं शहापूरच्या बाजूला चोंढ्याला. दुपारी पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. चार युनिटं घातली की साधारण तीन परत. सह्याद्रीचा कडा हा आपल्याला मिळालेला फार मोठा ठेवा आहे, भिवपुरी आणि शिरवत्यालाही आता अशी केंद्रं होणार आहेत. बॅटरीही आवाक्यात येतेय. २०२२ च्या मोठ्या निविदेत मेगावॅटमागे महिन्याला पावणेअकरा लाखांच्या आसपास भाड्याचा दर आला होता, २०२५ पर्यंत तो अडीच लाखांच्या खाली उतरला.

---

शंकासुर

घाटघरसारखी केंद्रं हे मला पटतं. संच ५५ टक्क्यांवर चालवले तर युनिटमागे कोळसा जास्त लागतो, बॉयलरच्या नळ्या फुटतात, देखभाल वाढते. त्याचा खर्च सौरच्या दरात कुणी धरत नाही, तो धरला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

---

फीडरमास्तर

शंभर टक्के मान्य. संध्याकाळी सातला मिळणाऱ्या युनिटाचा दर दुपारी एकच्या युनिटाशी लावून तुलना करायची नाही. दोन्ही वेगळे माल आहेत.

---

राखेचं_गाव

परळीहून लिहितोय. तुम्ही सगळे ग्रिडचं बोलता, थोडं आमचंही ऐका. इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेवर लहानाचे मोठे झालो. उन्हाळ्यात वारा सुटला की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायचे, हे आमच्या घरात नेहमीचं. २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून केंद्र बंद ठेवावं लागलं. तेव्हा पिण्याचं पाणी आधी की केंद्राचं, यावर चौकाचौकात बोलणं चालायचं. म्हणून मला सौर हवंच आहे, त्याला पाणी लागत नाही.

पण जुने संच बंद झाले तेव्हा कंत्राटी कामगार आधी घरी गेले. कुठे नोंद नाही, भरपाई नाही. माझा चुलतभाऊ कोळसा हाताळणीत होता, आता रिक्षा चालवतो. सौर प्रकल्पात पॅनल पुसायला चार माणसं लागतात. इथली हजारो घरं त्यावर चालणार नाहीत. याचं उत्तर कुणाकडे आहे का, की आम्ही नुसतं राख खाऊन मोकळे?

---

फीडरमास्तर

दादा, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. जे माहीत आहे ते लिहितो.

परळीसारख्या जागेत तीन गोष्टी आयत्या आहेत ज्या नव्या ठिकाणी मिळवायला वर्षं जातात: जमीन, स्विचयार्ड आणि बाहेर जाणाऱ्या वाहिन्या. बॅटरी ठेवायची तर तिथे ठेवा, टॉवर नव्याने उभे करावे लागणार नाहीत. दुसरं म्हणजे जुने जनरेटर. जर्मनीत बिब्लिसची अणुभट्टी बंद केल्यावर तिचा जनरेटर २०१२ मध्ये सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून पुन्हा चालू केला होता. अ‍ॅडलेडकरांनी सांगितलेलं काम त्याने केलं, टर्बाइनपासून वेगळा करून. आपल्याकडे बंद होणाऱ्या प्रत्येक संचाबाबत भंगाराची निविदा काढायच्या आधी ही तपासणी झाली पाहिजे. तेल, बेअरिंग, कूलिंग, उत्तेजन यंत्रणा, हे सगळं सांभाळायला तीच माणसं लागतात जी आज तिथे आहेत.

त्याने हजारो घरं चालणार नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून संच बंद करायची तारीख ठरते त्याच कागदावर कंत्राटी कामगारांची यादी आणि त्यांचं पुढचं काम लिहिलेलं असावं, अशी मागणी आत्ताच, संच चालू असताना करायला हवी. बंद झाल्यावर ऐकायला कुणी तिथे थांबत नाही. तुमच्याकडे कामगारांची अशी यादी कुणी केली आहे का?

---

राखेचं_गाव

अर्धवट आहे, दोन ठेकेदारांकडची. बाकीच्यांची हजेरीपुस्तकं मिळवायची आहेत. भावाला घेऊन या रविवारी बसतो. काय लिहायचं त्याचा नमुना तुम्ही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

फीडरमास्तर

करतो. नाव, काम, कुठल्या संचावर, किती वर्षं, आयटीआय झालंय का आणि कोणता ट्रेड, एवढे रकाने आत्ताच आखून ठेवा. वायरमन, इलेक्ट्रिशियन आणि फिटर वेगळे काढा. उपकेंद्र आणि बॅटरीच्या कामाला ते लगेच घेता येतील.